दादाच्या डोक्याची उजवी बाजू

माझा मोठा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी मोठा आहे, हे सिद्ध करण्यासाठी मी जवळजवळ तीस वर्षं स्वतःच्या जन्मदाखल्याची एक प्रत शर्टाच्या खिशात घेऊन फिरलो. पहिली प्रत घड्यांवर फाटली, मग दुसरी काढली, मग तिला प्लास्टिकचं कव्हर घातलं. यात लोकांना हसण्यासारखं काय वाटतं, मला कळत नाही. तुमचे केस छत्तिसाव्या वर्षी पिकायला लागले असते, चाळिशीत सगळं डोकं पांढरंफेक झालं असतं, सात वर्षांनी मोठा भाऊ काळ्याभोर केसांनिशी ताठ शेजारी उभा असता, आणि दुकानदारानं तुम्हाला विचारलं असतं, "काका, मुलासाठी शर्ट बघताय का?", तर तुम्हीही ठेवली असती. ती प्रत आता माझ्या खिशात नाही. ती कशी गेली तेवढं सांगतो.

दादा कापडाच्या एका मोठ्या दुकानात तयार कोटांच्या विभागात होता. गिऱ्हाइकाला आरशासमोर उभं करायचं, मागून खांदे सरळ करायचे आणि "आता बघा" म्हणायचं, हे त्याचं बेचाळीस वर्षांचं काम. निवृत्त झाल्यावरही तो रोज सकाळी गिऱ्हाईक येणार असल्यासारखा तयार होऊन बसायचा. दाढी, इस्त्रीची पँट, पायात बूट. घरात बूट! आणि डोक्यावर ते केस. कुणी विचारलं की, "काय हो, या वयात एकही पांढरा नाही?", तर त्याचं उत्तर ठरलेलं, "रक्त चांगलंय आमचं." मग विचारणारा माझ्या डोक्याकडे बघायचा. रक्त तेच, आईबाप तेच, तेव्हा खोट कुठे आहे हे त्याला आपोआप कळायचं.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागात होतो. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, गेलेल्या कागदावर शिक्का मारायचा, मधल्या काळात कागदाचं काय झालं ते विचारायचं नाही. चौतीस वर्षांत माझ्या टेबलावरून एकही कागद पोच घेतल्याशिवाय हलला नाही. हे मी बढाई म्हणून सांगत नाही. पुढे जे झालं त्याचा या गोष्टीशी संबंध आहे.

आम्ही एकाच इमारतीत राहायचो, दादा पहिल्या मजल्यावर आणि आम्ही नवराबायको तिसऱ्यावर. वहिनी गेल्यापासून दादा एकटाच होता, मूलबाळ नाही, म्हणून त्याच्या घराची एक किल्ली माझ्याकडे असायची. एका रविवारी सकाळी खालच्या वकिलांचा फोन आला की तुमच्या भावाच्या घरात काहीतरी धाडकन पडलं. मी गेलो तर न्हाणीघरात दादाच पडलेला. पाय भलत्याच दिशेला वळलेला. वरच्या फळीवरून काहीतरी काढताना तो घसरला होता. शेजारी एक वाटी, छोटा ब्रश आणि फरशीवर काळा लगदा.

"छोट्या," तो म्हणाला. मी एकोणसत्तर वर्षांचा आहे, पण त्याच्या लेखी मी छोट्याच. "आधी ती वाटी लपव. मग गाडी बोलाव."

"हे काय आहे?"

"बुटाचं पॉलिश."

अंघोळीच्या आधी, बनियनवर, न्हाणीघरात बसून बुटाला पॉलिश करणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. तरी माझा विश्वास बसला. मला जे सांगितलं जातं ते मी आवक म्हणून घेतो, हा माझा स्वभाव. मी वाटी धुतली, ब्रश धुतला, जागेवर ठेवला आणि मग गाडी बोलावली. दादा तोवर फरशीवर दात आवळून पडून होता.

इस्पितळात कळलं की खुबा मोडलाय. ऑपरेशन करावंच लागणार होतं, पण डॉक्टर म्हणाले, साखर फार वाढलीय, हृदयाचंही जरा असं आहे, आणि त्यांनी तळहात हवेत वरखाली हलवून दाखवला. म्हणजे आधी दोन आठवडे औषधं आणि मग ऑपरेशन. दादाला झोपेचं इंजेक्शन देऊन वॉर्डात आणलं आणि माझ्यापुढे आठ फॉर्म आले. मी फॉर्म वाचून सही करतो. आठही वाचले. सिस्टर तीन वेळा उसासा टाकून गेली. पहिल्याच फॉर्मवर 'रुग्णाशी नातं' या रकान्यात तिनं आधीच 'वडील' असं लिहून ठेवलं होतं. मी खिशातून प्रत काढली, तिला दाखवली, तिनं खाडाखोड करून 'लहान भाऊ' लिहिलं आणि खाडाखोडीवर मी छोटी सही केली. या गडबडीत चौथा फॉर्म कशाचा आहे हे वाचूनही मला त्यातलं गांभीर्य कळलं नाही. 'स्वच्छतेच्या दृष्टीने रुग्णाचे डोक्यावरील केस काढण्यास संमती.' मी सही केली. केस काय, परत येतात.

ते परत आले हीच पंचाईत झाली.

दुसऱ्या दिवशी दादाचं डोकं सफाचट होतं. त्यानं माझ्याकडे लोकरीची टोपी मागितली. ऐन उन्हाळा, पंखा गरम हवा ढकलतोय, आणि दादा कानापर्यंत टोपी ओढून पडलेला. सिस्टरनं त्याला सर्दी झाली असं धरून खोकल्याचं औषध सुरू केलं, आणि त्यानं ते बिनतक्रार प्यायलं. भेटायला येणाऱ्यांना तो झोपेचं सोंग घेऊन परत पाठवायचा. शेजारच्या खाटेवर हात मोडलेले एक निवृत्त मास्तर होते, ते मला म्हणाले, "तुमचे चिरंजीव फार घामेजतात हो." मी प्रत काढली.

नवव्या दिवशी, सोमवारी, डॉक्टर लेखी देऊन गेले की ऑपरेशन शनिवारी सकाळी नऊला. त्या संध्याकाळी दादानं मला पडदा ओढून घ्यायला सांगितलं आणि टोपी काढली.

डोकं पांढरं होतं. कुठे काळ्याचा ठिपका नाही. माझ्या डोक्यासारखं, किंबहुना माझ्याहून एक छटा पुढे.

या क्षणी मला त्याची दया आली असं सांगायला मला आवडलं असतं. मला आनंद झाला. तेहतीस वर्षं मी या माणसाशेजारी वडील म्हणून, काका म्हणून, एकदा तर सासरे म्हणून उभा राहिलो होतो. रक्त चांगलंय म्हणे!

"कधीपासून?" मी विचारलं.

"चाळिसाव्या वर्षापासून. तुझी वहिनी लावून द्यायची, दर तिसऱ्या रविवारी. मागचं तिला दिसायचं. ती गेल्यापासून मागचं मी अंदाजानं लावतो." मग माझ्या चेहऱ्याकडे न बघता तो म्हणाला, "शनिवारच्या आत मला काळं करून दे."

"दादा, ऑपरेशन खुब्याचं आहे. डोक्याकडे कोण बघणार?"

"केस होते तोवर ती सिस्टर मला 'सर' म्हणायची. परवा टोपी सरकली तेव्हापासून 'आजोबा' म्हणते. आणि ओरडून बोलते. आजोबा, श्वास घ्या हं! आता सोडा! मी काय बहिरा झालोय? की खुळा झालोय?" तो हळू आवाजात बोलत होता, पण टोपी मुठीत पिळत होता. "आत मी बेशुद्ध असणार. बोलणार नाही, हसणार नाही, अंगावर कोट नाही, पायात बूट नाहीत. त्यांच्यासमोर माझं नुसतं डोकं. काळं डोकं दिसलं की माणसाला वाटतं, याला अजून कुठंतरी जायचंय, वाचवू या. पांढरं दिसलं की वाटतं, बरंच जगले. छोट्या, मी बेचाळीस वर्षं माणसं दारातून आत येताना बघितलीत. सगळं पहिल्या नजरेत ठरतं."

"असं काही नसतं रे."

"मला भीती वाटते," तो म्हणाला.

दादा हे वाक्य माझ्यासमोर कधी बोलला नव्हता. वहिनी गेली तेव्हाही नाही. माझा आनंद तिथल्या तिथे विरला. मी म्हणालो, मी करून देतो. त्यानं टोपी घातली आणि डोळे मिटले.

दुसरा कुणी असता तर त्यानं जाता जाता एक खोका घेतला असता, दुसऱ्या दिवशी पडद्याआड वीस मिनिटं खर्च केली असती आणि हात धुऊन मोकळा झाला असता. माझी बायकोही हेच म्हणाली. "अहो, पिशवीत घालून न्या आणि लावा. कोण बघतंय?" पण जिन्यात मला खालच्या मजल्यावरचे वकील भेटले. मी फक्त तत्त्वतः विचारलं, नाव न घेता, की समजा इस्पितळातल्या रुग्णाच्या डोक्याला नातेवाइकानं रंग लावला तर? वकिलांनी चष्मा काढला. "परवानगीशिवाय? रुग्णाच्या शरीरावर रसायन? उद्या काही झालं तर डॉक्टर म्हणतील यांच्या रंगानं झालं." मग चष्मा घालून म्हणाले, "तुमच्या भावाला लावताय का?"

मंगळवारी सकाळी मी केशकर्तनालयात गेलो. न्हावी माझ्या डोक्याकडे बघून समाधानानं हसला आणि म्हणाला, "शेवटी ठरवलंत तर!"

"माझ्यासाठी नाही. भावासाठी."

"सगळे भावासाठीच नेतात," तो म्हणाला. त्यानं मला गडद तपकिरी घ्यायचा सल्ला दिला, कारण काळा म्हणे या वयात ओरडतो. मी काळा घेतला. तिथून इस्पितळाच्या कार्यालयात गेलो आणि अर्ज दिला. विषय: रुग्णाच्या डोक्यावरील केसांस रंग लावण्याची परवानगी मिळणेबाबत. तीन प्रती. एका प्रतीवर पोच घेतली.

खिडकीतल्या कारकुनानं अर्ज दोनदा वाचला. "केस काढायचा फॉर्म आहे आमच्याकडे. रंगवायचा नाही."

"म्हणूनच अर्ज केलाय."

"रंग औषध म्हणून लावायचाय की शोभा म्हणून?"

या प्रश्नावर मी थोडा वेळ विचार केला. दादाचं म्हणणं खरं धरलं तर तो औषधच होता. पण तसं लिहिलं तर डॉक्टरांची चिठ्ठी लागली असती. मी म्हणालो, शोभा. कारकुनानं उद्या या म्हणून सांगितलं.

बुधवारी अकरा वाजता लेखी उत्तर मिळालं की, 'सदर विषय या कार्यालयाच्या कक्षेत येत नाही.' याचा अर्थ मनाई नाही. आयुष्यभर अशी उत्तरं जावक करण्यात गेल्यामुळे मला त्यातली सोय लगेच कळली. मी खुशीत वॉर्डात गेलो तर दादा माझ्याकडे पाठ फिरवता येत नव्हती म्हणून छताकडे बघत होता.

"तू माझ्या केसांचा अर्ज केलास?"

"नाव घातलं नाही. फक्त खाट क्रमांक."

"छोट्या, मी छत्तीस वर्षं ही गोष्ट कुणाला कळू दिली नाही. तुझ्या वहिनीनं सख्ख्या बहिणीला सांगितलं नाही. आणि तू ती तीन प्रतींत दिलीस?"

मास्तर शेजारून म्हणाले, "वॉर्डात सगळ्यांना आवडली कल्पना. त्या कोपऱ्यातले विचारत होते, उरला तर त्यांनाही लावाल का?"

दादानं टोपी डोळ्यांवर ओढली. पडदा ओढून मी खोका उघडला, वाटी काढली, आणि सवयीनं आतलं पत्रक वाचायला घेतलं. बारीक अक्षर होतं. 'वापरण्यापूर्वी, प्रत्येक वेळी, थोडे मिश्रण कानामागे लावून अठ्ठेचाळीस तास थांबावे.'

"मी तेच छत्तीस वर्षं लावतोय," दादा टोपीखालून म्हणाला. "तोच खोका. कानामागं कसली परीक्षा घेतोस?"

"'प्रत्येक वेळी' असं लिहिलंय, दादा."

"आत्ता लाव. पाया पडतो तुझ्या."

मोठ्या भावानं असं बोलू नये. मी त्याला कागदावर मांडून दाखवलं: आज बुधवार दुपारी बारा, अठ्ठेचाळीस तास म्हणजे शुक्रवार दुपारी बारा, ऑपरेशन शनिवारी नऊ. मध्ये तब्बल एकवीस तास उरतात. त्याच्या हृदयाचं आधीच जरा असं होतं, त्यात रंगानं अंगावर काही उठलं तर? मला त्याची काळजी होती. ही गोष्ट मी आजही स्वतःला दिवसातून एकदा तरी सांगतो. मी काडीनं त्याच्या डाव्या कानामागे एक ठिपका लावला आणि वेळ टिपून ठेवली.

गुरुवारी सकाळी अंग पुसताना सिस्टरला तो ठिपका दिसला. कालपर्यंत नसलेला काळा डाग. तिनं मोठ्या सिस्टरना सांगितलं, त्यांनी त्वचेच्या डॉक्टरांना बोलावणं पाठवलं, ते आले आणि भिंगातून बघून, खरवडून बघून 'वेगाने वाढणारा डाग असण्याची शक्यता' असं लिहून तपासणीला पाठवणार होते, इतक्यात मी पोचलो. मी अर्जाची पोच दाखवली, उत्तर दाखवलं, पत्रकातली ओळ दाखवली. त्वचेच्या डॉक्टरांनी तिन्ही कागद वाचले आणि माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती मी मनावर घेतली नाही. मोठ्या सिस्टर आपल्या कामाला निघून गेल्या. त्या कमी बोलायच्या. त्यांच्याशी जरा सविस्तर बोलायला हवं होतं हे मला नंतर कळलं.

शुक्रवारी कान स्वच्छ होता. खाज नाही, लाली नाही. मी बाराच्या आधीच बायकोनं दिलेली प्लास्टिकची चादर, हातमोजे आणि वाटी घेऊन हजर झालो. दादाला सकाळपासून खायला दिलं नव्हतं. मास्तर म्हणाले, "उपाशी ठेवलंय त्यांना. आजच नेणार बघा."

"शनिवार आहे," मी म्हणालो. "लेखी आहे."

"माझंही लेखीच होतं."

दादा म्हणाला, "छोट्या, आधी लाव. वाद नंतर घाल."

बाराला पडदा ओढला. खाटेच्या उजव्या बाजूला भिंत असल्यामुळे मी डावीकडे स्टुलावर बसलो आणि डावीकडून सुरुवात केली. पत्रकात लिहिलं होतं की कपाळाला आधी व्हॅसलीन लावावं. लावलं. थोडे थोडे केस घेऊन मुळापासून लावत जावं, घाई करू नये. मी घाई केली नाही. बोटभर लांबीचेही नव्हते ते केस, पण मी एकेक पट्टा घेत गेलो.

"लवकर कर रे," दादा म्हणाला.

"नीट होऊ दे."

"तुझी वहिनी दहा मिनिटांत उरकायची."

मी त्याच्या डोक्याला हात लावत होतो हे माझ्या मध्येच लक्षात आलं. लहानपणी त्यानं माझे केस विंचरले असतील, मी त्याच्या डोक्याला कधी हात लावलेला आठवत नाही. डोकं गरम होतं, आणि वाटलं होतं त्यापेक्षा लहान. बावीस मिनिटांत डावी बाजू पूर्ण झाली. बरोबर मध्यावर थांबलो. मी म्हणालो, "आता मान वळव, उजवीकडचं घेऊ," आणि पडदा सरकला.

स्ट्रेचर घेऊन दोघं उभे होते, मागे मोठ्या सिस्टर. पहिल्या नंबरच्या रुग्णाला ताप आला होता, टेबल रिकामं होतं, डॉक्टरांनी यांना घ्या म्हणून सांगितलं होतं.

"अर्धा तास द्या," मी म्हणालो.

"कशाला?" असं विचारताना त्यांचं लक्ष दादाच्या डोक्याकडे गेलं. मग त्यांनी ओला टॉवेल मागवला आणि स्वतः डावी बाजू पुसायला लागल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "अहो, मला सांगायचं ना. सोमवारीच लावून दिला असता मी. माझ्या आईला मीच लावते."

मी हातात वाटी धरून उभा राहिलो. माझ्या खिशात तीन कागद होते.

टॉवेलखालून दादाचं डोकं बाहेर आलं. डावीकडे काळं, उजवीकडे पांढरं, आणि मधली रेघ पट्टीनं आखल्यासारखी सरळ. माझं काम नेहमीच नीटनेटकं असतं. स्ट्रेचरवाल्यांतला एक तोंड फिरवून खोकल्यासारखं करत होता.

"किती झालं?" दादानं विचारलं.

"अर्धं."

"कुठली बाजू?"

"डावी."

दादानं थोडा विचार केला. "मग डॉक्टरला डावीकडं उभं राहायला सांग," तो म्हणाला. त्याला स्ट्रेचरवर घेताना दुखलं असणार, कारण त्यानं माझं मनगट धरलं. रंग त्याच्या हातालाही लागला. "उजवी आल्यावर कर. विसरू नको."

"नाही विसरत."

"आणि यावेळी अर्ज करू नको."

मास्तरांनी चांगला हात वर करून त्याला निरोप दिला. चाकांचा आवाज वळणापर्यंत ऐकू आला.

चार वाजता डॉक्टर बाहेर आले, तोवर बायकोही आली होती. ते म्हणाले, पाय उत्तम बसला. अगदी मनासारखा. मग म्हणाले, ऑपरेशननंतरच्या खोलीत आणल्यावर हृदयानं साथ दिली नाही. बराच वेळ प्रयत्न केले.

"किती प्रयत्न केलेत?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"त्याच्या डोक्यावर टोपी होती का?"

डॉक्टरांनी बायकोकडे बघितलं. बायको खाली बघत होती. "आत सगळ्यांच्याच डोक्यावर असते," ते म्हणाले. "केस झाकलेलेच असतात."

"सगळा वेळ? प्रयत्न करतानाही? केस कुणाला दिसले नाहीत? नक्की?"

"नक्की," ते म्हणाले. मग त्यांनी माझा दंड धरला आणि मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "आजोबा, इथं बसा हं. पाणी प्या. प्या पाणी." दादाचं म्हणणं किती खरं होतं ते मला त्या बाकावर बसून कळलं. मी पाणी प्यालो.

कागदपत्रं पूर्ण व्हायला शनिवार सकाळ उजाडली. दादाला ताब्यात घ्यायला आम्ही नऊ वाजता पोचलो, म्हणजे लेखी दिलेल्या वेळेला. त्याला एका छोट्या, गार खोलीत ठेवलं होतं. बाहेर इमारतीतली माणसं, त्याच्या दुकानातले दोन जुने सहकारी, गाडी आणि गाडीचा ड्रायव्हर. मोठ्या सिस्टर दारात होत्या. बायकोच्या हातातली पिशवी त्यांनी बघितली आणि त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अजून एक सही राहिलीय. तासभर लागेल." मग आम्हाला आत घेऊन त्यांनी दार लोटून घेतलं.

मी न्हाव्याला फोन लावला. विचारलं, गार डोक्यावर रंग चढतो का?

पलीकडे त्याची कात्री थांबली. मग म्हणाला, "चढतो. जरा जास्त वेळ ठेवा. पाऊण तास."

"पत्रकात तीस मिनिटं लिहिलंय."

"पत्रक जिवंत माणसासाठी असतं, साहेब."

पत्रक मी पिशवीतच ठेवलं. कानामागे काही लावून बघितलं नाही. हातमोजे आदल्या दिवशी तिथेच राहिले होते, म्हणून बोटांनी लावलं. बायको वाटी धरून उभी होती. उजवी बाजू दहा मिनिटांत झाली, वहिनीच्या वेळेत. मग बायकोनं त्याची मान उचलून धरली आणि मी मागचंही लावलं. मागचं त्याला कधीच नीट जमलं नव्हतं. अंदाजानं लावायचा बिचारा, आणि खालीवर येता-जाता मी रोज त्याच्या मागून चालत होतो, माझ्या कधी लक्षात आलं नाही. मी फक्त माझ्या डोक्याचा विचार करत होतो.

मग मी स्टुलावर बसून पाऊण तास थांबलो. बाहेर वकिलांनी दोनदा दार वाजवलं. "काय अडलंय? मी बोलू का त्यांच्याशी?" ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला. बायको म्हणाली, "वाजवू दे." मी दादाला म्हणालो, बघ, मी विसरलो नाही. हे मी मोठ्यानं म्हणालो की मनात, ते सांगता येणार नाही, पण बायको त्यानंतर रडायला लागली आणि मग मीही रडलो. रंगाचे हात असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

पुसून काढल्यावर डोकं दोन्हीकडून सारखं झालं होतं. आम्ही त्याला त्याचा करडा कोट घातला आणि बूट घातले. खांदे मी सरळ केले. तो करायचा तसे, मागून.

बाहेर आणल्यावर लोक वाकून बघायला लागले. दुकानातले सहकारी एकमेकांना म्हणाले, "शहात्तर वर्षं! एक पांढरा केस नाही बघ." वकील माझ्याकडे बघत होते. त्यांना सगळं माहीत होतं, पण ते गप्प राहिले, आणि त्याबद्दल मी त्यांचं जिन्यातलं सगळं माफ केलं.

"रक्त चांगलं होतं त्याचं," मी म्हणालो.

सगळं उरकल्यावर दुपारी मी आणि बायको जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात गेलो. कारकून तरुण होता, अक्षर चांगलं होतं. त्याच्या टेबलावर दोन ट्रे होते, एक आवक आणि एक जावक. त्यानं दादाचं नाव लिहिलं, पत्ता लिहिला, वय विचारलं. शहात्तर, मी सांगितलं.

"माहिती देणारे आपण कोण?"

"भाऊ."

त्यानं मान वर करून माझ्या डोक्याकडे बघितलं. "मोठे भाऊ का?"

माझा हात आपोआप खिशाकडे गेला. प्लास्टिकचं कव्हर बोटांना लागलं. बोटं पहिल्या पेरापर्यंत काळी होती. बायको माझ्या हाताकडे बघत होती. मला वाटलं, याला आता काय दाखवायचं आणि कशासाठी? ज्याच्यापुढे मी लहान होतो तो राहिला नव्हता. मला छोट्या म्हणणारं आता या जगात कुणी नव्हतं.

"हो," मी म्हणालो. "मोठा."

त्यानं लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. उठताना मी ती प्रत खिशातून काढली, जावकच्या ट्रेमध्ये ठेवली, आणि पोच न मागता बाहेर आलो.